कळलावीला घातलेलं पाणी

आमच्या तिसगावच्या घराला कुंपणावर चढवलेली कळलावी होती. बायकोनं डोंगरातून कंद आणून लावली होती. घरात कळलावी लावली की भांडणं होतात म्हणतात. आमची त्याआधीही नेमानं चालू होती, म्हणून वेलीला बोल लावता येईना. भादव्यात तिची लाल-पिवळी फुलं महालक्ष्म्यांपुढं मांडली की बायकोचा सण पुरा व्हायचा. बाग हे सगळं तिचंच खातं. मी शाळामास्तर, मला फक्त फुलं दिसायची.

गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि आठ दिवसांत बायको गेली. तेराव्याची माणसं पांगली तेव्हा वेल पार वाळली होती. मला वाटलं, दवाखान्याच्या धावपळीत पाणी घालायचं राहिलं. तिच्या हातची एवढी एक गोष्ट तरी जगवायचीच, असं मी ठरवलं.

आमच्याकडं नळाला आठ दिवसांनी पाणी, उन्हाळ्यात तर टँकरच. तरी आंघोळीच्या बादलीतलं अर्धं पाणी मी रोज सकाळी वेलीच्या आळ्यात ओतायचो आणि उरलेल्या चार तांब्यांत अंग भिजवायचो. मुलगी फोनवर रागवायची. पण जन्मात पहिल्यांदा बायकोसाठी काही करतोय असं वाटायचं, आणि खरं सांगतो, त्यानं जरा बरं वाटायचं.

आषाढात डोंगरावर कळलाव्या वर आल्या. आमच्या कुंपणाशी एक कोंब दिसेना. शेवटी खुरपं घेऊन उकरलं. कंद काळा, लिबलिबीत झाला होता. उचलायला गेलो तर बोटांतच फुटला.

शेजारची शेतकरीण, बायकोची जुनी मैत्रीण, ते बघून आली. कंद विषारी असतो म्हणून तिनं आधी मला हात धुवायला लावले. मग पाणी घालत होतात का, असं विचारलं. रोज, एक दिवस चुकलो नाही, असं मी जरा ऐटीतच सांगितलं.

"गुरुजी, दिवाळीनंतर कंद निजतो," ती हळूच म्हणाली. "बाई थेंब घालीत नव्हत्या. पान्यानं सडला त्यो. तुमाला कदी बोलल्या न्हाईत व्हय?"

बोललीच असणार. वेलीबद्दल ती रोज काहीतरी सांगायची आणि मी पेपरातून मान वर न करता "हं" म्हणायचो. पस्तीस वर्षांच्या त्या बोलण्यातलं एक वाक्य आठवावं म्हणून मी त्या आळ्यापाशी कितीतरी वेळ बसलो. एकही आठवलं नाही.