बाराशे वॅटचं खोकं

संग्रामपूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवतो. दरवर्षी बारावीला प्रत्यावर्ती विद्युतधारेचं प्रकरण येतं. घरातली वीज आपण दोनशे तीस व्होल्टची म्हणतो. क्षणभरासाठी ती सव्वातीनशेपर्यंत उसळते, पण कामाचा आकडा दोनशे तीसच, त्याला आर.एम.एस. म्हणतात. हे मी इतक्या वेळा शिकवलंय की आता खडू आपोआप चालतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे झालं त्याला अज्ञानाचं कारण देता येणार नाही.

मी एक जुनी गाडी घेतली होती. तिच्यातला मूळचा स्पीकर सर्दी झाल्यासारखा वाजायचा. आमच्या रसायनशास्त्राच्या सरांची गाडी मात्र कॉलेजच्या फाटकात शिरली की शिक्षककक्षाच्या खिडकीची तावदानं थरथरायची. सगळे म्हणायचे, “आले सर.” माझी गाडी आलेली शिपायालाही कळत नसे. हे माझ्या मनाला लागलं. वय वर्षे सेहेचाळीस.

एका रविवारी मी मलकापूरला गाडीच्या साउंडचं दुकान गाठलं. दुकानदार शांत माणूस होता. त्यानं दोन अँप्लिफायर समोर ठेवले. एकाच्या खोक्यावर सोनेरी अक्षरांत ‘१२०० वॅट’ लिहिलेलं, सोबत ज्वाळांचं चित्र. दुसरं खोकं साधं करड्या रंगाचं, त्यावर ‘७५ वॅट आर.एम.एस.’

“सर, हा मोठा आकडा एका झटक्यापुरता राह्यते,” तो म्हणाला. “मशीन सतत किती देते, ते मांगं बारीक अक्षरात लिहेल असते. आर.एम.एस. ते पाहून घ्या.”

“मी तेच शिकवतो,” मी म्हणालो. आणि काउंटरला रेलून त्याला वर्ग, सरासरी आणि वर्गमूळ यांवर दहा मिनिटांचा पाठ दिला. मागं दोन गिऱ्हाईकं खोळंबली होती. त्यानं हाताची घडी घालून सगळं ऐकून घेतलं. पाठ संपला आणि मी ज्वाळांच्या खोक्यावर बोट ठेवलं. दारांत बसवायला स्पीकरही तसेच चकचकीत निवडले.

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा खोक्याकडं. “मंग स्पीकर तरी भारी घ्या. हे चाळीसचे हायेत, टिकनार नाईत.”

“यावर तर चारशे लिहिलंय,” मी म्हणालो.

त्यानं बिलबुक पुढं ओढलं.

पुढच्या आठवड्यात सासरे आमच्याकडं मुक्कामाला आले होते, त्यांना गावी सोडायचं होतं. त्यांचं गाव हिवरा आश्रमाच्या पुढं. विजेच्या खांबांवर चढण्यात त्यांचं आयुष्य गेलं, निवृत्त लाइनमन. शिवाय गावच्या बुद्धविहारातल्या गायन पार्टीत ते ढोलकी वाजवतात, गेली चाळीस वर्षं. त्यांना खूश करावं म्हणून मी ढोलकीचंच गाणं लावलं. आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं, बास पूर्ण, सगळंच पूर्ण. बायकोनं खिडकीकडं तोंड केलं.

थोड्या वेळानं सासरे म्हणाले, “जवाई, ढोलकी फाटून राह्यली.”

“पॉवर आहे ना मामाजी, बाराशे वॅट!”

“पॉवर असंन. पन ढोलकी फाटून राह्यली.”

मेहकर मागं पडलं तेव्हा दिवेलागण झाली होती. मी हेडलाइट लावले. प्रत्येक ठोक्याला रस्त्यावरचा उजेड मंद व्हायचा, पुन्हा यायचा. मला वाटलं, खड्डे आहेत. सासऱ्यांना तसं वाटलं नाही. ते पुढं वाकून काचेतून उजेडच पाहत होते. हिवरा आश्रम जवळ आलं तेव्हा डाव्या दारातून टर्र असा आवाज आला, मग उजव्या दारातून. मग काहीच नाही. गाडीत जळक्या वार्निशचा वास भरला.

मी गाडी बाजूला घेतली. सासऱ्यांनी डिक्की उघडली, चष्मा लावला आणि मोबाइलच्या उजेडात अँप्लिफायरला कानाकोपऱ्यातून पाहिलं.

“याचा फ्यूज वीस अँपिअरचा हाय. गाडीची बॅटरी कितीची?”

“बारा व्होल्ट.”

“मंग बारा गुनिले वीस किती?”

मी मनात वीसचा पाढा म्हटला. “दोनशे चाळीस.”

“त्यातलं अर्धंक गरमीत जाते. मंग हे बाराशे कुठून येऊन राह्यले?”

मी वाकून फ्यूजवरचा आकडा पुन्हा वाचला.

“तुमीच त शिकवता ना पोट्ट्यायले?” त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, खरंखुरं कुतूहल होतं. तेच जास्त लागलं. बायको गाडीला टेकून हसत होती. हसणं थांबवायचा प्रयत्न करत होती, जमत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परतताना वाट वाकडी करून मलकापूरला जायचं ठरवलं आणि सासरे पुन्हा माझ्यासोबत निघाले. “माल पाहून घेतो,” म्हणाले. दुकानदारानं जळलेले स्पीकर हातात घेतले, कागदी पडदा दाबून पाहिला, कॉइल अडकलेली होती. मला वाटलं आता बोलेल. तो एवढंच म्हणाला, “अँप चांगला हाय. खरे साठ-साठ वॅट देते. त्याले पेलनारे स्पीकर लावू, अन् गेन कमी करू.”

साठ वॅट सतत पेलणारे स्पीकर बसले. मग त्यानं लहान स्क्रू-ड्रायव्हर काढला, गेनचा, म्हणजे अँपवरच्या आवाजाच्या मर्यादेचा, स्क्रू पार खाली आणला आणि तिथून हळूहळू वाढवू लागला. सासरे मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते.

“थांबा. फाटली. थोडं मांगं घ्या. आनखी. हाव, आता शाई सुटी ऐकू येते.”

शाई म्हणजे ढोलकीचं काळं तोंड, हे मला त्या दिवशी कळलं. आणि गाणं खरोखर वेगळं झालं होतं. बोटं कुठं पडली तेही समजत होतं. मी दुकानदाराचे आभार मानले. आर.एम.एस.बद्दल एक शब्द काढला नाही.

हिवाळ्यात गायन पार्टीला नवीन माइक-मशीन घ्यायचं ठरलं. सासऱ्यांनी मला फोन केला. मला बरं वाटलं. म्हटलं, शेवटी शिक्षण विचारात घेतलं कोणीतरी. मी दोन पानी टिपण काढून त्यांच्या गावी पोचलो. ते गाडीत बसले, टिपण पाहिलं, घडी करून माझ्याच खिशात ठेवलं.

“जवाई, तुमी गाडी चालवा. दुकानात बोलनं मी करतो.”