हे मीच केलो

गभणे गुरुजी एखाद्या गोष्टीजवळ थांबले, की ती गोष्ट चांगली असणार एवढं आम्हाला लांबूनच कळायचं. मग ते तिच्यावर हात ठेवून म्हणायचे, "हे मीच केलो." शाळेपुढचा कडुनिंब त्यांच्या जन्माआधीचा होता, तरी लावला त्यांनीच होता. लग्नाच्या पंगतीत भात मोकळा झाला तर आचाऱ्याला पाण्याचं माप त्यांनीच सांगितलेलं असायचं. भात चिकट झाला तर मात्र ते त्या लग्नाला उशिरा पोचलेले असायचे. मोहाडी तालुक्यातल्या एकाच शाळेत मी त्यांच्यासोबत नोकरी केली आणि माझ्या कित्येक चांगल्या कामांवर मला पाणी सोडावं लागलं.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस विज्ञानाची नवी पुस्तकं आली. त्यात पानोपानी 'करून पाहा' असं लिहिलेलं होतं. तोवर आमच्याकडे विज्ञान पाठ करायची पद्धत होती आणि प्रयोगाची पेटी, काही फुटू नये म्हणून, कुलपात असायची. तेव्हा मुलांच्या आधी मास्तरांनाच विज्ञान शिकवावं असं खात्याच्या मनात आलं आणि ऐन मे महिन्यात आम्हाला भंडाऱ्याला शिबिराला बोलावलं. शेवटच्या दिवशी प्रत्येक गटानं साहेबांपुढे एक प्रयोग सादर करायचा होता. तो फसला तर मांडणाऱ्यानं पुढच्या मे महिन्यात पुन्हा हजर व्हायचं.

आम्हा जुन्या मास्तरांना त्याचं फारसं भय नव्हतं. पण आमच्या गटात कुसुमबाई होत्या. शेतमजुराची मुलगी, घराण्यातली पहिलीच नोकरी, तीही तात्पुरती. शिबिराचं प्रमाणपत्र हाती आलं तरच जूनमध्ये त्या कायम होणार होत्या, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. त्यामुळे आमच्या गटाचं सगळं काम आपोआपच कुसुमबाईंकडे गेलं. गटप्रमुख गुरुजी झाले; कुणी नाव सुचवायच्या आत ते प्रमुखाच्या खुर्चीवर बसलेलेच होते. आंबागडच्या एका मास्तरांना तक्ता धरायला दिला. माझ्याकडे आभारप्रदर्शन आलं.

कुसुमबाईंनी तलावातून बादलीभर हायड्रिला आणली. काचेच्या भांड्यात पाण्याखाली ती वनस्पती, तिच्यावर उलटं नरसाळं, नरसाळ्यावर पाण्यानं भरलेली उलटी परीक्षानळी. भांडं उन्हात ठेवलं की बुडबुडे वर चढायचे आणि नळीत प्राणवायू साठायचा. त्यात विझत आलेली उदबत्ती घातली की ती भप्पकन पेटायची. सरावाच्या वेळी ती पेटली तेव्हा गुरुजींनी पोरासारख्या टाळ्या वाजवल्या आणि लगेच शेजारच्या गटाला हाक मारली, "पाहून घ्या बापा! हे मीच केलो." कुसुमबाई नुसत्या हसल्या. मला मात्र संताप आला.

शेवटच्या दिवशी सकाळी मैदानात पाहतो तर हा मोठा मांडव! साहेबांना ऊन लागू नये म्हणून व्यवस्थापकांनी जाड ताडपत्र्या दुहेरी टाकल्या होत्या. खाली टेबलांची रांग, त्यावर पांढऱ्या चादरी. कुसुमबाई घाबरल्या.

"सर, आमचं टेबल तेवढं उन्हात ठेवू द्या नं."

"रांग बिघडते, बाई," व्यवस्थापक म्हणाले. "साहेब काय म्हणतील?"

साहेब दुपारी आले. नारळ फुटला, हार झाले, विज्ञाननिष्ठ समाजावर भाषण झालं. मग साहेब आमच्या टेबलाशी आले. भांड्यातली हायड्रिला सकाळपासून गार सावलीत आराम करत होती. नळीत पाणी तसंच काठोकाठ. साहेबांनी मोठ्या हौशीनं उदबत्ती आत घातली. ती चुर्र करून विझली.

"हा प्रयोग कुणी मांडला?" साहेबांनी विचारलं.

व्यवस्थापक मांडवाच्या झालरीकडे पाहू लागले. आंबागडचे मास्तर अख्खेच्या अख्खे तक्त्यामागे गेले. आभार मानण्याजोगं काही नसल्यामुळे मीही गप्प होतो. खरं कारण आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर ताणून बांधलेलं होतं, पण ते सांगायची कुणाची छाती नव्हती. कुसुमबाई पुढे व्हायच्या आत गुरुजींनी टेबलावर हात ठेवला.

"हे मीच केलो, साहेब."

"वनस्पतीला ऊन लागतं हे ठाऊक नाही तुम्हाला?"

"ध्यानातच नाही रायलं. हे बाई सांगत होती, उन्हात ठेवा म्हणून. मीच नाही आयकलो."

मग साहेबांनी त्या गर्द सावलीत उभं राहून गुरुजींना सूर्यप्रकाशाचं महत्त्व समजावलं. गुरुजी मान डोलावत राहिले. आम्ही तिघं पास झालो. गुरुजींना पुन्हा शिबिर आलं आणि त्या वर्षी व्हायची त्यांची हेडमास्तरकी त्यापायी हुकली.

संध्याकाळी एसटी स्टँडवर कुसुमबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "गुरुजी, प्रयोग माझा होता. मी साहेबांना खरं सांगून येते."

गुरुजी एवढे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. "काहून? नापास मी झालो, तू कायले वाटा मागून राहिली? गाडी आली, बस चुपचाप."

मला तेव्हा त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, पडलो असतो तर तेही त्यांनीच करवून घेतलं असं गावभर झालं असतं.

कुसुमबाई जूनमध्ये कायम झाल्या. गुरुजी पुढच्या मे महिन्यात शिबिर करून आले आणि सांगत सुटले, "सायन्स दोनदा शिकलेला मास्तर जिल्ह्यात मी एकटाच." दहाएक वर्षांनी कुसुमबाई मोहाडीजवळच्या एका शाळेत मुख्याध्यापिका झाल्या. सत्काराला निवृत्त गभणे गुरुजी आले होते, काठी टेकत. मुलांनी वर्गात हायड्रिलाचा प्रयोग मांडला होता. भांडं खिडकीत, भर उन्हात होतं. मी मुद्दाम गुरुजींना कुसुमबाईंजवळ नेलं आणि म्हटलं, "गुरुजी, ही तुमच्या गटातली बाई. आता सांगून टाका, हे कुणी केलं?"

त्यांनी हात उचलला. मी वाट पाहत होतो. तो हात कुसुमबाईंच्या डोक्यावर गेला, क्षणभर राहिला आणि खाली आला.

"तिचं तिनंच केलं, बापा. मी काहीच नाही केलो."

त्याच वर्षी थंडीत गुरुजी गेले. आयुष्यभर त्यांनी थापाच मारल्या. त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही शेवटची.