खालचा बंक तौनोचा

घडीचा बंक, म्हणजे भिंतीला उभा मिटणारा फळीचा पलंग, एकट्या माणसाला बसवता येत नाही. एकाने फळी धरायची आणि दुसऱ्याने बिजागरीचे स्क्रू पिळायचे, असं ते दोघांचं काम आहे. ओन्नी पेल्कोनेनला हे कळायला अर्धा दिवस आणि पायाच्या अंगठ्याचं एक नख लागलं. मग तो रस्ता ओलांडून लंगडत माझ्या दाराशी आला आणि टोपी हातात घेऊन म्हणाला, "वेर्ना, जरा दुसरं टोक धरतेस?"

"कशाचं टोक?"

"पलंगाचं."

"आता विचारतोस होय? चाळीस वर्षांपूर्वी यायचं होतंस."

ओन्नी कानापर्यंत लाल झाला. बहात्तराव्या वर्षीही त्याला लाजता येतं, हे बघून मला बरं वाटलं. माझ्या नाकावर राग आणि जिभेवर तिखट असतं, हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण शेजाऱ्याला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. मी गमबूट चढवले आणि गेले.

ओन्नीने उभा जन्म सरकारी ट्रकवर काढला, रस्त्यावरचं बर्फ बाजूला सारत. सगळं गाव झोपेत असताना हा एकटा दिवे लावून जायचा आणि आम्ही उठायच्या आत रस्ता मोकळा असायचा. त्यामुळे त्याला काम करताना फारसं कोणी पाहिलंच नाही. लग्न केलं नाही. आई होती तोवर आईचं केलं, आणि ती गेल्यावर तिच्या खोलीचं दार लोटून घेतलं. बाकी शनिवारी सॉनात वाफ घ्यायची, रविवारी चर्च. सणाला त्याच्याकडे कोण येतं म्हणाल, तर मी वेलदोड्याचा पाव घेऊन जाते आणि उभ्या उभ्याच परत येते.

त्याचं खरं घर म्हणजे कॅम्प. आमच्या भागात कॅम्प म्हणजे जंगलातली एका खोलीची लाकडी झोपडी. नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो, तेव्हा पुरुषमंडळी तिथे जाऊन राहतात, पत्ते कुटतात, दाढी वाढवतात आणि अधूनमधून एखादं हरीणही मारतात. पेल्कोनेनांचा कॅम्प ओन्नीच्या वडिलांनी बांधला होता. त्यात एकावर एक असे बंक होते आणि त्या बंकांचा एक कायदा होता. वडीलधारा खाली, धाकटा वर. दुसऱ्याच्या बंकवर पाठ टेकायची नाही, तो आलेला नसला तरीही. खालची जागा दोनच वेळा रिकामी होते, माणूस गेला तर किंवा त्याने आपणहून सोडली तर. आणि पहाटे खालच्याने वरच्या फळीवर लाथ मारून वरच्याला उठवायचं.

वडील गेल्यावर त्यांचा खालचा बंक थोरल्या तौनोला मिळाला. तौनो सहा फुटांहून उंच, आवाज घोगरा, स्वभाव राजाचा. ओन्नी त्याच्या वरच्या बंकवर. दोघांच्या दाढ्या पिकल्या तरी दर मोसमात पहिल्या पहाटे खालून धाडकन लाथ बसायची आणि तौनो ओरडायचा, "ऊठ रे बारक्या! हरणं न्याहारी करून गेली!"

मग तौनोची छाती थंडी सहन करेना, म्हणून लेकीने, शेरिलने, त्याला ॲरिझोनाच्या वाळवंटात नेलं. दर मोसमाला फोनवर तो म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की." ओन्नी एकटा कॅम्पवर जायचा आणि शिडी चढून वरच झोपायचा. त्याचा गुडघा काम करून गेलेला. खाली आख्खा बंक मोकळा.

"अरे म्हाताऱ्या, खाली झोपलास तर कोण बघतंय?" मी म्हणायचे.

"तो तौनोचा आहे," तो म्हणायचा. विषय संपला.

गेल्या उन्हाळ्यात कॅम्पखालची जमीन विकली गेली. जमीन एका कंपनीची होती, आमच्या लोकांचे कॅम्प तिच्यावर भाड्याने. नव्या मालकाने सगळ्यांना झोपड्या उचलायला सांगितल्या. ओन्नीने वडिलांच्या हातच्या फळ्या एकेक करून काढल्या आणि त्यातल्या चांगल्या घरी आणल्या. संध्याकाळी त्याने तौनोला फोन करून कॅम्प मोडल्याचं सांगितलं. ही हकीकत त्यानेच मला सांगितली.

ओन्नी घाईघाईने म्हणाला, "मी बंद पेटीसारखा एक ट्रेलर घेतलाय, सामान न्यायचा. सरकारी जंगलात लावता येतो. तोच आपला कॅम्प."

"बंक आहेत का त्यात?" तौनोने विचारलं.

"आहेत की."

"मग यंदा येतो."

ट्रेलरमध्ये तेव्हा एक झाडू आणि मागच्या मालकाची फाटकी ताडपत्री एवढंच होतं.

बंक कसे करायचे यावरून आमची जुंपली, ती पहिल्याच दिवशी. जंगलातली चारचाकी मोटारसायकल ट्रेलरमध्येच न्यायची, म्हणजे बंक घडीचे हवेत, दिवसा भिंतीला उभे आणि रात्री आडवे. इथवर आमचं एकमत होतं. दुकानात ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचे तयार मिळतात, हलके, कापडाचे. ओन्नीने त्यावर बसून पाहिलं आणि नाक मुरडलं. "हे हॉस्पिटलातल्या स्ट्रेचरसारखं वाटतं. आणि कापडावर लाथ मारली तर आवाज कुठे होतो?" मग फळ्यांचेच करायचे ठरलं, वडिलांच्या कॅम्पच्या.

मी म्हटलं, "पुढच्या टोकाला आडवे लाव. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. गाडीला मागे हवी तेवढी जागा राहील."

"आडव्यात तौनो मावत नाही. आतली रुंदी सहा फूटसुद्धा भरत नाही."

"तू मावतोस ना? मग एकच कर. एकच चांगला, रुंद पलंग, जाड गादीचा. तुझ्या गुडघ्याला शिडी नको. तो येईल तेव्हा बघू."

ओन्नीने माझ्याकडे पाहिलं. रागावला असता तर परवडलं असतं. "तो येतोय," तो म्हणाला आणि पेन्सिलीने भिंतीवर लांबच्या लांब रेघ मारली.

काम त्याने जीव ओतून केलं. ट्रेलरच्या आतल्या पातळ प्लायवूडमध्ये स्क्रू मारले तर ते माणसाच्या वजनाने उपटून येतात, म्हणून भिंतीवर बोटांनी ठोकत ठोकत त्याने प्लायवूडमागचे लोखंडी खांब शोधले आणि बिजागऱ्या त्यांच्यावरच बसवल्या. फळीच्या बाहेरच्या कडेला साखळ्या लावल्या. बंक वर उचलला की भिंतीच्या कडीत अडकायचा. मी दुसरं टोक धरून उभी, हाताला मुंग्या, तोंडाला कुलूप नाही. "तुझ्या भावासाठी माझा खांदा चालला," मी म्हणायचे आणि तो म्हणायचा, "जरा वर. अजून जरा. बस." त्या दिवसांत तो जेवढं बोलला, तेवढं इतक्या वर्षांच्या शेजारात बोलला नव्हता. मलाही संध्याकाळी घरी जाऊन कुलूप काढायचा कंटाळा येऊ लागला होता, हेही सांगून टाकते.

दोन बंक झाले. खालच्याची उंची त्याने तीनदा बदलली, तौनोला बसताना डोकं लागू नये आणि आडवं पडल्यावर पाय वरच्या फळीपर्यंत पोचावा, असं ते माप. मग त्यावर गादी टाकली, आईच्या खोलीतली लोकरी रजई पसरली, आणि त्यानंतर तो बंक त्याने एकदाही मिटला नाही. मोटारसायकल आत मावेना, ती पिकअपच्या मागे चढवावी लागली.

"एवढी मरमर करून घडीचा केलास आणि घडी घालत नाहीस?"

"त्याची जागा मांडलेली असू दे," तो म्हणाला.

मोसमाच्या आदल्या दिवशी बर्फ भुरभुरत होतं. ओन्नीने ट्रेलर जंगलातल्या मोकळ्या जागेत नेऊन लावला होता, शेगडी पेटवली होती, आणि दाराशी पायऱ्यांवर मीठ टाकलं होतं, तौनो घसरू नये म्हणून. मी पेस्ट्या घेऊन गेले. मैद्याच्या पारीत मांस, बटाटा आणि सलगम भरून भाजलेल्या, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे प्रत्येकीच्या कडेला ज्याच्या त्याच्या नावाचं अक्षर. एक ओन्नीची, एक तौनोची. टेकवून लगेच निघणार होते, कारण कॅम्पवर बायका थांबत नाहीत. तेवढ्यात भाड्याची मोटार आली.

शेरिलने दार उघडलं आणि वडिलांना हात दिला. मी तौनोला ओळखलंच नाही. तो राजा कुठे गेला कोण जाणे. पाठीत वाकलेला, मान पुढे, कोट दुसऱ्याचा घातल्यासारखा. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की आता हा आडव्या बंकमध्येही मावला असता. मी ओन्नीकडे बघायचं टाळलं.

"काय रे बारक्या," तौनो म्हणाला. आवाज तेवढा तोच होता.

"उशीर केलास," ओन्नी म्हणाला. त्याचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता.

आत जाऊन तौनो खालच्या बंकवर बसला. बुटांसकट. वडिलांच्या फळीवरून त्याने तळवा फिरवला, साखळी ओढून पाहिली, वर पाहिलं. "बाबांच्या हातचं वाटतं," तो म्हणाला. ओन्नीसाठी याहून मोठं काही नव्हतं. तो भरभर दाखवत सुटला, ही शेगडी, हा कंदील, उद्या कुठे बसायचं ती जागा.

शेरिल दारातूनच म्हणाली, "काका, बाबांना झोपताना श्वासाचं मशीन लावावं लागतं. रात्रभर वीज लागते. मी गावातल्या मोटेलमध्ये खोली घेतलीय."

"जनरेटर आणतो," ओन्नी म्हणाला. "वेर्नाकडे आहे. ना गं वेर्ना?"

"आहे," मी म्हटलं. "आत्ता घेऊन येते."

"नको," तौनो म्हणाला. "नको रे ओन्नी."

त्याने बारक्या म्हटलं नाही, हे माझ्या लक्षात आलं. ओन्नीच्याही आलं असणार. मग तौनो उठला. त्याने रजईची नीट घडी केली, ती ओन्नीच्या हातात दिली, वाकून खालच्या बंकची कड धरली आणि उचलायला लागला. फळी जड होती. ओन्नी पुढे झाला नाही. शेरिल झाली, तिला त्याने मानेनेच थांबवलं. बंक भिंतीला उभा राहिला, तेव्हा त्याने कडी अडकवली आणि एकदा हलवून पाहिली.

"छान मिटतो," तो म्हणाला. "आता तू खाली झोपत जा. गुडघा सांभाळ."

मोटार गेली. ओन्नी रजई पोटाशी धरून पायऱ्यांवर उभा होता. मी म्हटलं, "चल, आज घरी चल, सकाळी येशील." त्याने मान हलवली. "उद्या मोसम उघडतोय," तो म्हणाला आणि आत गेला.

मला कसली झोप येणार? उजाडल्याबरोबर मी पाव आणि कॉफी घेऊन निघाले. रीत गेली खड्ड्यात. म्हटलं, तो रानात गेला असेल, डबा ठेवून येऊ. पण पिकअप तिथेच होती आणि रात्रीच्या ताज्या बर्फावर दारापासून एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. तेवढ्यात आतून धाडकन आवाज झाला. मग पुन्हा. पडला, शिडीवरून पडला, असं म्हणत मी दार ओढलं.

ओन्नी खालच्या बंकवर झोपला होता. रजई गळ्यापर्यंत, लोकरी मोज्यातला एक पाय बाहेर, वरच्या फळीला टेकलेला. शेगडी केव्हाच विझली होती.

"काय झालं रे? कसला आवाज?"

"उठवत होतो," तो म्हणाला.

"कोणाला?"

त्याने मोज्यातला पाय हळूच खाली घेतला. वरच्या फळीकडे बघत राहिला.

"वर मीच असायचो ना," तो म्हणाला.

एकच पलंग कर, असं मी म्हटलं होतं. माझंच खरं ठरलं. आपलं खरं ठरल्याचं एवढं वाईट मला जन्मात वाटलं नव्हतं. मी शेगडी पेटवली, कॉफी ओतली, तौनोच्या अक्षराची पेस्टी गरम करून दोघांत मोडली. खाऊन झाल्यावर ओन्नी उठला, वरच्या बंकची गादी काढून कोपऱ्यात ठेवली, बिजागरीचे स्क्रू सैल केले आणि फळीच्या एका कडेला हात लावला.

"वेर्ना," तो म्हणाला, "दुसरं टोक धर."