बारा माणसांचा पडाव

बाळांनो,

तुम्ही तिघं कुंदाला, म्हणजे तुमच्या आईला, घेऊन लामू बेटावर सहलीला जाणार, हे फोनवर कळलं. तिथली दगडी घरं, कोरीव दारं, अरुंद गल्ल्या... सगळं पाहण्यासारखंच आहे. पण तुम्ही निघण्याआधी एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. कुंदाला ती आठवत नाही, आणि मी आता किती दिवसांची...

मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलेली बाई. भूतखेत, करणी, अंगात येणं यावर माझा विश्वास नव्हता. आजही नाही. म्हणून जे घडलं तेवढंच लिहिते.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. तुमचे आजोबा मोंबासात कचेरीत नोकरीला होते. सुट्टीत तिथल्या मराठी मंडळींनी लामूची सहल काढली. आम्ही बाराजण, यादी अर्थात माझ्याकडे. बारावी कुंदा, पाच वर्षांची. दोन दिवस गाव पायी पाहिलं, तिसऱ्या दिवशी दुपारी निघालो. आपल्या रत्नागिरी बंदरात तेव्हा असायची तशीच तिथंही आगबोट लांब खोल पाण्यात उभी, आणि धक्क्यावरून तिच्यापर्यंत पडावाने, म्हणजे शिडाच्या होडीने, जायचं.

सगळे बसल्यावर मी बोटाने मोजलं. बारा. बायोकाकू आमच्यात सर्वांत वडील, दापोलीकडच्या. त्यांनी भात मापताना म्हणतात तसं, एकाच्या जागी 'लाभ' म्हणून मोजलं... लाभ, दोन, तीन. बाराच.

मी परत बोट उचललं तशा त्या म्हणाल्या, "अगो, पुरे आता! माणसं आहेत ती, पेटीतले आंबे नव्हेत."

सगळे हसले. शीड चढलं.

अर्ध्या वाटेवर मी पाण्याचा तांब्या काढला. "काकू, कुंदाला इकडे पाठवा."

"माझ्याकडे कुठली? तुझ्यापलीकडे बसल्ये ना?"

माझ्यापलीकडे कोणी नव्हतं. मी मोजलं. अकरा. पुन्हा... अकरा. पाण्याच्या तुषारांनी सगळ्या फळ्या भिजल्या होत्या. माझ्या शेजारची हातभर जागा मात्र कोरडी होती.

"अहो, पडाव वळवायला सांगा!"

आजोबांना तिथली भाषा येई. ते नाखव्याशी बोलले आणि पांढरे पडले. "तो म्हणतो, पाण्यात कोणी पडलेलं नाही. ओहोटी लागल्ये, आगबोट थांबायची नाही."

"जाऊ दे आगबोट! वळवा, नाहीतर मी उडी मारत्ये."

मी खरंच उठले होते. बायोकाकूंनी माझी कंबर धरून ठेवली. पडाव वळला, पण वारा समोरून. तासभर धक्का होता तिथंच दिसत होता. रत्नागिरीच्या ज्या भैरीबुवाला मी कधी धड नमस्कार केला नव्हता, त्याला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. माझे डोळेसुद्धा कबूल केले.

कुंदा धक्क्याच्या पायरीवर शिंपले मांडत बसली होती. सकाळी मी तिचे केस मोकळे सोडले होते. आता घट्ट वेणी होती.

मी तिला आवळून धरलं. ती म्हणाली, "आई, दुखतंय! आत्ताच तर गेलीस पाणी आणायला."

"मी?"

"तूच नाही का वेणी घातलीस? आणि हिरवं पातळ का गं बदललंस?"

मी निळं नेसले होते. वेणीच्या टोकाला एक हिरवी चिंधी बांधलेली होती.

माझं एकच हिरवं पातळ होतं. ते रत्नागिरीला माहेरी, ट्रंकेत. कुंदाच्या जन्माआधी ठेवलेलं. कुंदाने ते पाहिलेलंही नव्हतं. ट्रंकेची किल्ली माझ्याजवळ मोंबासात.

दोन वर्षांनी आम्ही परतलो, तेव्हा कुलूप मी माझ्या हाताने काढलं. पातळाची घडी मी ठेवली होती तशीच होती. उलगडलं, तर पदराच्या टोकाची दोन बोटं रुंदीची पट्टी फाडलेली.

पडावात माझ्या शेजारी कोण होतं, आणि धक्क्यावर कुंदाजवळ कोण... मी सगळ्या बाजूंनी विचार केला. तिथं गेलात की कुंदाचा हात सोडू नका. ती हसेल, हसू दे.

पातळ माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे, चिंधी त्याच्या घडीत. जोडून पाहिली तर दोराही इकडेतिकडे होत नाही.