गुलाबी दिसेनासा झाला तेव्हा

आधीच माफी मागतो. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. डॉक्टर नाही, लेखक तर नाहीच. आमच्या वडनेरच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. तरी लिहितोय, कारण मी जे तीन आठवडे लपवलं, ते दुसऱ्या कुणी लपवू नये.

"टॉक्सिक ऑप्टिक न्यूरोपॅथी," नेत्रविभागातल्या मॅडम म्हणाल्या. म्हणजे औषधामुळे डोळ्याच्या नसेला झालेली इजा. "रंग कधीपासून फिके दिसतात?"

"तीन आठवडे."

बाबा माझ्याकडे वळले. त्यांना हे तिथंच कळत होतं.

माझ्या मानेतल्या गाठीत टीबी निघाला होता. चार महिने गोळ्या चालू होत्या. त्यातली एक इथॅम्ब्युटॉल. फार थोड्या जणांच्या नजरेवर ती परिणाम करते. गोळ्या देणाऱ्या ताईंनी बजावलं होतं, "डोळ्यांत फरक वाटला तं त्याच दिवशी येजो." मी मान हलवली होती.

फरक पहिल्यांदा प्रयोगशाळेत जाणवला. टायट्रेशनमध्ये फ्लास्कमधल्या, रंग दाखवणारा दर्शक घातलेल्या आम्लात वरच्या ब्युरेटमधून, म्हणजे तोटीच्या काचनळीतून, थेंबथेंब अल्कली सोडतात. रंगहीन पाणी एका थेंबाने फिकट गुलाबी होतं, तिथं थांबायचं. मला तो गुलाबी दिसेना. माझा जोडीदार वैभव, त्याला दिसायचा.

वैभव हिंगणघाटचा. त्याचे आईवडील दोघंही शिक्षक. इंग्रजी, वर्गात हात वर करायची हिंमत, हे सगळं त्याच्याकडे आधीपासून होतं. डोळे तरी दोघांचे सारखे होते. आता तेही राहिले नाहीत, असं वाटून मी त्याच्यावर जळायचो. त्याला विचारणं शक्यच नव्हतं.

मी युक्ती काढली. हात ब्युरेटच्या तोटीवर ठेवायचा, पण बघायचं वैभवच्या तोंडाकडे. रंग आला की त्याच्या भिवया वर जायच्या. मी तोटी बंद करायचो. रीडिंग बरोबर यायचं.

एका मंगळवारी वैभव आलाच नाही.

"अरे, हलका गुलाबी पाहिजे," सर माझा फ्लास्क उचलून म्हणाले. "तू तं रानी कलर करून ठेवला! कोणाच्या लग्नात जाऊन राह्यला का?"

सगळे हसले. मीही हसलो. मला फ्लास्कमध्ये मळकट पाणी दिसत होतं. तास संपल्यावर मी सरांना खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन वर्ध्याच्या रुग्णालयात आले.

तिथं इशिहारा चाचणी झाली. रंगीत ठिपक्यांच्या चित्रात आकडा लपलेला असतो, तो वाचायचा. मला आकडाच सापडेना. मागून बाबा म्हणाले, "चौऱ्याहत्तर. एवढं मोठं लिवलं हाय, काऊन दिसून नाई राह्यलं तुले?" बाबा चौथी शिकलेले. त्या क्षणी मला त्यांचाही हेवा वाटला. हे लिहिताना लाज वाटते.

मॅडमनी समजावलं, "मिरचीत लाल भरलेला नसतो. ती प्रकाशातल्या लांब लहरी परत फेकते. डोळ्याच्या पडद्यावर तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात. एकीला लांब, दुसरीला मधल्या, तिसरीला आखूड लहरी जास्त जाणवतात. कोणती किती जागी झाली याची तुलना होते, तोच आपला रंग. तुझ्या पेशी ठीक आहेत. निरोप नेणारी नस दुखावली आहे. पक्ष्यांकडे तर चार प्रकारच्या पेशी असतात."

"नस सुधारेल?" मी विचारलं.

"बहुतेकांची सुधारते, काही महिन्यांत. सगळ्यांची नाही."

टीबीच्या डॉक्टरांशी बोलून त्यांनी ती एक गोळी थांबवली. बाकीच्या चालू ठेवल्या. तुम्हालाही सांगतो, मनानं कुठलीच गोळी बंद करू नका, पण लाल रंग विटका दिसला तर त्याच दिवशी सांगा.

पुढचे महिने मी हेवा करण्यात घालवले. अंगणात चिमणी उतरली की वाटायचं, हिच्याकडे चार प्रकारच्या पेशी आणि माझ्या तीनही कामाच्या नाहीत. आई लाल मिरच्या वेगळ्या काढत होती तेव्हा मदतीला बसलो. तिनं माझ्या ढिगातल्या हिरव्या मिरच्या वेचून घेतल्या.

वैभव घरी भेटायला आला. चहा पिताना म्हणाला, "तू माह्या तोंडाकडं पाहून थांबत होता, मले माहीत होतं."

"मंग बोलला काऊन नाई?"

"तू लपवून राह्यला होता नं. मले वाटलं, तुले लाज वाटते. म्हणून मी भिवया जोरानं उचलत होतो. नौटंकीवाल्यासारख्या."

आई हसली. मला हसता आलं नाही. डोळे चांगले, वर मनही चांगलं. त्या दिवशी मला त्याचा सगळ्यात जास्त हेवा वाटला. मग तोच म्हणाला, "पण मी सरले सांगायला पाहिजे होतं यार. चुकलंच माहं." तेव्हा कुठं माझं जळणं थोडं कमी झालं.

गोळी थांबवल्यापासून चौथ्या महिन्यात व्हीईपी तपासणी झाली. डोक्याला तारा लावून हलत्या चौकटी बघायला लावतात आणि डोळ्याचा निरोप मेंदूपर्यंत किती वेळात पोचतो ते मोजतात. रिपोर्टला आठ दिवस लागणार होते. ज्या मला रागावल्या नाहीत त्या मॅडमचे, दरवेळी सोबत बसणाऱ्या बाबांचे आणि वैभवचे आभार मी त्याच आठ दिवसांत मनात मानून ठेवले. निकाल वाईट आला तर नंतर ते मानता येणार नाहीत अशी भीती होती.

नवव्या दिवशी दुपारी फोन आला. मॅडम स्वतः बोलत होत्या. उजव्या डोळ्याची नस सुधारली आहे. डाव्याची अर्धीच, आणि ती कदाचित तेवढीच राहील. उजव्या डोळ्यानं रंग कळतील, तेव्हा प्रॅक्टिकलला बसायला हरकत नाही.