मॉडेलमध्ये एसटी नाही

बटन दाबण्याआधी सर चपला काढायचे. दर शुक्रवारी दुपारी, डबे खाऊन झाल्यावर, नांदेडात विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात हा सोहळा व्हायचा. सर खुर्चीतून उठत, चपला टेबलाखाली सारत, उजव्या हाताचं बोट शर्टाला पुसत आणि उभ्यानंच माउस दाबत. पडद्यावर फायलींची नावं सरसर पळू लागली की आमच्याकडे वळून म्हणत, "झालं! तुम्ही चहाला जावा आता. मी हाय इथं." आम्ही चौघं जिना उतरेपर्यंत कसंबसं हसू दाबून धरायचो. देवाला नैवेद्य दाखवताना पडदा ओढतात, तसं सरांना त्या यंत्राजवळ एकटं राहायचं असतं, असं आमचं मत होतं. त्यांना 'बटन सर' हे नाव मीच ठेवलं.

मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं बहुधा जावा या भाषेत लिहितात, आणि जावात साधं काम साधेपणानं करणं कमीपणाचं मानतात. पेशंटचं नाव पडद्यावर दाखवायचं तर सात फायली लागतात. एक फाइल नाव ठेवून घेते, दुसरी ते तिसरीला देते, तिसरी चौथीकडे पाठवते. तहसीलीत अर्ज फिरतो तसं ते नाव फिरत फिरत शेवटी पडद्यावर येतं. हे सगळं लिहायचा कंटाळा आलेल्या कुणीतरी ते लिहून देणारं यंत्र काढलं. त्यात तुम्ही चौकोन काढायचे, चौकोनांत पेशंट, बेड, तारीख असं भरायचं आणि रेघांनी ते जोडायचे. या चित्राला मॉडेल म्हणतात. मग बटन दाबलं की शेकडो फायली बदाबदा पडतात. मुळात सात फायली कशाला हव्यात, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. आमच्या पुण्याच्या हेड ऑफिसनं ते यंत्र घेतलं आणि नांदेडला ते चालवायला सरांना बसवलं.

सर मूळचे निलंग्याकडचे, शिकलेले लातूरला. लातूर पॅटर्नचा त्यांना कोण अभिमान! "आम्ही पाठ करणारी माणसं," ते म्हणायचे. "समजून घेत बसलं की पेपर सुटत न्हाई." यंत्राचं मॅन्युअल त्यांनी खरोखरच पाठ केलं होतं. पानाचा नंबर सांगा, मजकूर ऐका. कोऱ्या फाइलमध्ये स्वतःच्या हातानं चार ओळी लिहिताना मात्र मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. यंत्राची परीक्षा पास झाल्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून त्यांच्या डोक्यावर टांगलेलं होतं आणि दसऱ्याला त्याला हार पडायचा. महिन्याच्या मीटिंगमध्ये ते पुण्याला छाती फुगवून सांगायचे, "शंभर टक्के जनरेटेड, साहेब. एक ओळ हातानं लिहिलेली न्हाई." पुण्याचे साहेब खूश व्हायचे. आपण काहीच लिहीत नाही याचा अभिमान बाळगणारी माणसं मी तिथंच पाहिली.

ऑफिसात प्रत्येकाला गावाच्या नावानं हाक मारायची त्यांची सवय होती. मी 'हिमायतनगर'. "ओ हिमायतनगर, काय करायलाव?" म्हणत ते मागे येऊन उभे राहिले की माझ्या पाठीत उसण भरल्यासारखं व्हायचं.

शहरातल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या डायलिसिस विभागाचं काम आमच्याकडे होतं. रोज कुणाला कोणत्या पाळीत घ्यायचं याची यादी आमचं सॉफ्टवेअर काढायचं. एकदा कामानिमित्त मी तिथं गेले तर बाहेरच्या खुर्च्यांवर कांबळे गुरुजी दिसले. पहिली ते चौथी मला त्यांनी शिकवलेलं. माझं अक्षर अजून त्यांच्या वळणाचं आहे. बायको गेलेली, मुलगा हैदराबादेत. मंगळवारी आणि शनिवारी कापडी पिशवी घेऊन एकटेच हिमायतनगरहून एसटीनं यायचे. यादी नोंदणीच्या नंबरानं लागायची आणि गुरुजींचा नंबर नवा, त्यामुळे ते कायम शेवटच्या पाळीत. चार तास मशिनला जोडलेलं म्हातारं माणूस सुटेपर्यंत शेवटची गाडी गेलेली असायची.

"मग काय करता, गुरुजी?"

"स्टँडावर बसतो की. बाकडं हाय तिथं," ते म्हणाले, जणू मीच काहीतरी बावळट विचारलं होतं.

नर्सला विचारलं तर ती म्हणाली, यादी कंप्युटर काढतो, आम्हाला बदलता येत नाही. खरंच येत नव्हती. यादी बदलायची सोय मॉडेलमध्ये नव्हती.

मी परत येऊन यादीच्या फाइलमध्ये बारा ओळी लिहिल्या. ज्याच्या गावाची शेवटची एसटी आधी सुटते, तो यादीत वर, बस, एवढंच. फाइलच्या डोक्यावर इंग्रजीत सूचना होती की ही यंत्रानं तयार केली आहे, हिला हात लावू नये. मी लावला. मंगळवारी गुरुजी पहिल्या पाळीत बसले आणि दिवसाउजेडी घरी पोचले. शुक्रवारी सरांनी चपला काढल्या. यंत्र नव्या फायली काढताना जुन्या पुसून टाकतं. माझ्या बारा ओळी गेल्या आणि शनिवारी गुरुजी पुन्हा बाकड्यावर.

सोमवारी मी सरांशी कडाकडा भांडले. गावाच्या चौकोनात एसटीची वेळ घाला, इतकंच माझं मागणं होतं.

"मॉडेल पुण्याचं हाय," सर म्हणाले.

"मग पुण्याला फोन करा."

"करून काय सांगू? शंभर टक्के म्हणून सांगून बसलोय. आता एसटी ऱ्हायली म्हणू?" मग आवाज चढवून म्हणाले, "हे बघा हिमायतनगर, मॉडेलमधे एसटी न्हाई. आन जे मॉडेलमधे न्हाई, ते जगात न्हाई."

"गुरुजी जगात आहेत, सर. स्टँडावर आहेत."

सर चष्मा पुसत बसले. एवढ्या भित्र्या माणसाच्या हाताखाली काम करायची मला लाज वाटते, असं मी सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. काच पुसून झाल्यावरही ते पुसत राहिले.

मग मी त्यांच्याच मॅन्युअलात एक युक्ती शोधली. ठरावीक खुणांच्या दोन ओळींमध्ये लिहिलेला मजकूर यंत्र पुसत नाही, असं त्यात होतं. मी बारा ओळी पुन्हा लिहिल्या आणि वर-खाली खुणा घातल्या. शुक्रवार आला, चपला निघाल्या, आम्ही चहा पिऊन आलो; पाहते तर ओळी जागच्या जागी. पहिले दोन-तीन शुक्रवार तपासलं, मग तपासायचंही सोडून दिलं. तीन वर्षं गुरुजी वेळेवरच्या गाडीनं घरी गेले. टपरीवर माझी ऐट काय सांगावी! "सरांनी मॅन्युअल पाठ केलं, आपण वाचलं," असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. एकदा सर पाठीमागेच उभे होते. त्यांनी ऐकलं, "हाव" म्हणाले आणि आपला कप उचलून बाजूला गेले. पालथ्या घड्यावर पाणी, मी मनात म्हटलं.

गेल्या वर्षी पुण्यानं नवं यंत्र आणलं. त्याला चौकोनही लागत नाहीत. काय हवं ते साध्या भाषेत सांगायचं, ते कोड लिहून देतं आणि चुकलं की गोड शब्दांत माफी मागतं. जुनी कामं जुन्या यंत्रावरच राहणार होती, पण त्यासाठी वेगळे सर कशाला, असं वर ठरलं. सर्टिफिकेट भिंतीवरून उतरलं. सर लातूरच्या कुठल्याशा क्लासमध्ये जावा शिकवायला निघाले. निरोपाचे समोसे खाऊन झाल्यावर जिन्यात मला म्हणाले, "हिमायतनगर, एक सांगायचं व्हतं." मी थांबले. "शुक्रवारी बटन दाबल्यावर लगेच उठू नका. जरा बसून बघत जावा." अजून काहीतरी ओठांवर आलं होतं, पण "ऱ्हाऊ द्या" म्हणून ते उतरून गेले. जातानाही जीव यंत्रातच अडकलाय, म्हणून मला हसू आलं.

पुढच्या शुक्रवारी बटन मी दाबलं. मुद्दाम चपला घालून, खुर्चीत रेलून. आणि सगळ्यांबरोबर चहाला गेले.

शनिवारी संध्याकाळी गुरुजींचा स्टँडावरून फोन आला. "पोरी, आज यादीत लई खाली गेलो बघ. गाडी गेली. तुझ्याकडं पडायला जागा हाय का?" मी त्यांना घरी आणलं. खिचडी दोन घासांपुढे गेली नाही. हात धुताना त्यांनी विचारलं, "माझी काही चूक झाली व्हय?" मला कुठं तोंड लपवू असं झालं.

रविवारी त्यांना सकाळच्या गाडीत बसवून तडक ऑफिस गाठलं. ओळी गेल्या होत्या, खुणांसकट. मॅन्युअलातली ती सोय आमच्या हेड ऑफिसनं घेतलेल्या स्वस्त परवान्यात नव्हतीच. मग तीन वर्षं त्या टिकल्या कशा? कोणत्या फाइलीत कुणी, कधी, काय बदललं याची नोंद कंप्युटर ठेवतो. सरांच्या नोंदी म्हणजे दर खेपेला शेकडो फायली. त्या कोण वाचणार, म्हणून आम्ही कधी उघडल्याच नव्हत्या. त्या दिवशी उघडल्या. दर शुक्रवारी दोन नोंदी होत्या. पहिली यंत्राची. दुसरी वीस मिनिटांनंतरची, सरांच्या हातची, आणि शेरा एकच शब्द: एसटी. मी खाली खाली जात राहिले. एसटी. एसटी. एसटी. एक शुक्रवार सुटलेला नव्हता. तेवढी वीस मिनिटं आम्ही खाली टपरीवर त्यांची नक्कल करत असायचो.

आणि सरांच्या शेवटच्या नोंदीत त्या ओळी आता माझ्या राहिल्या नव्हत्या. बाराच्या चाळीस झाल्या होत्या. किनवट, माहूर, देगलूर आलं होतं. बाजारच्या दिवशी गाडी आधीच भरते, ते आलं होतं. उन्हाळ्यात बदललेल्या वेळा होत्या. हे कुठल्या मॅन्युअलात मिळत नाही. स्टँडावर उभं राहून कंडक्टरला विचारावं लागतं. लिहिलेलं मात्र ओबडधोबड, पाटीवर गिरवल्यासारखं.

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. सोमवारी पुण्याला फोन लावला. चाळीस ओळींत होतं ते सगळं पलीकडच्या मुलीला वाचून दाखवलं. "एवढंच ना? करते ॲड," ती जांभई देत म्हणाली. अकरा मिनिटं लागली. अकरा मिनिटांच्या फोनला हा माणूस तीन वर्षं घाबरला, आणि दर शुक्रवारी आम्हाला चहाला पिटाळून चोरासारखं एक चांगलं काम करत बसला. जातानाही धड सांगून गेला नाही. जिन्यात सरांनी एक वाक्य सांगितलं असतं तर गुरुजींची ती फरफट टळली असती. हे मी त्यांना माफ केलेलं नाही.

मंगळवारी गुरुजी पहिल्या पाळीत होते. खिडकीची जागा मिळाली, असा त्यांचा गाडीतून फोन आला. मग मी सरांना लावला. मागे क्लासातल्या पोरांचा गलका होता.

"सर, तुमच्या एसटीच्या नोंदी पाहिल्या."

त्यांनी हळूच विचारलं, "पुण्याला कळलं का?"

कपाळावर हात मारावासा वाटला. "एसटी मॉडेलमध्ये घातली, सर. आता यंत्रच लिहितं. हातानं काही करावं लागत नाही."

"लई चांगलं झालं. गुरुजीची सोय झाली," ते म्हणाले. गलका थोडा लांब गेला. बहुतेक दार लोटून बाहेर आले असावेत. "म्हंजे आता त्याच्यात मी लिहिलेलं काहीच ऱ्हायलं न्हाई म्हणा."

"नाही, सर," मी म्हणाले. इतकी वर्षं त्यांच्या तोंडावर आणि पाठीमागे वाट्टेल ते बोलले. त्या दिवशी एक खोटं बोलायला हवं होतं, तेवढं मला जमलं नाही.