वहीतला मराठी एक

शालिग्राम बी.कॉम. होऊन धुळ्याच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये लागले, त्याला एकतीस वर्षं झाली. तिथल्या वीस संगणकांत आता हार्डडिस्क नव्हती. बटण दाबलं की संगणक सर्व्हरकडे नेटवर्कवरचा आपला पत्ता मागायचा. सर्व्हर त्याच्या नेटवर्क कार्डाचा नंबर यादीत शोधायचा, सापडला तरच पत्ता द्यायचा, आणि मगच संगणक सुरू व्हायचा. ही यादी शालिग्राम सांभाळत. आधी वहीत, सुबक मराठी आकड्यांत, मग सर्व्हरवर.

"नाना, तुमच्या वहीत चूक शोधायची तर भिंग आणावं लागेल," सहकारी समाधान चिडवायचा.

परीक्षा सोमवारी होती. शनिवारी त्यांनी चौदा नंबरच्या संगणकाचं जळालेलं कार्ड बदललं, नवा नंबर वहीत उतरवला, वहीतून सर्व्हरवर चढवला आणि जळगावला घरी जायची बस चुकेल म्हणून संगणक सुरू करून न बघताच निघाले.

सोमवारी चौदा नंबरवर दिपमाला बसली. नवरा नोकरीत असताना वारला, त्याच्या जागी ती कारकून लागली होती. टायपिंगचं प्रमाणपत्र द्यायची तिची मुदत लवकरच संपणार होती. पडदा काळाच राहिला. शालिग्रामांनी वायरी काढून पुन्हा लावल्या. रिकामी जागा एकही नव्हती. वेळ सरत आली तसे ते खेकसले, "ताई, पाय मारून वायर हलवली तुम्ही!"

"मनाच पाय लागना व्हई, भाऊ," ती ओशाळून गावच्या बोलीत म्हणाली. तिची परीक्षा बुडाली, आणि परीक्षेच्या अहवालातही तिचाच पाय लागून वायर हलली असं गेलं.

दुपारी त्यांनी वही उघडली. कार्डावरचा एक त्यांनी मराठीत १ असा लिहिला होता आणि सर्व्हरवर चढवताना तोच इंग्रजी 9 वाचला होता. आकडा सुधारताच संगणक सुरू झाला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. अहवाल दुरुस्त करायला एक पत्र पुरलं असतं. पण निवृत्तीला वर्ष राहिलेलं, आता नावाला बट्टा कशाला, म्हणून ते त्यांनी लिहिलं नाही.

पाच महिन्यांनी राहवेना, तेव्हा ते पत्र लिहून तिच्या घरी गेले. मुदत संपून तिची नोकरी गेली होती. ती ब्लाउज शिवत होती. सगळं ऐकून तिने शिलाई थांबवली.

"त्याच आठवड्यात बोलला असता, तर फेरपरीक्षा मागता आली असती ना?"

"हो."

तिने पत्रावरची तारीख वाचली, घडी घातली आणि ते त्यांच्या हातात परत दिलं.